तिसऱ्या हाकेला ओ

ठाणे
४ ऑगस्ट २०२४, रविवार

ती. मंगळूकाका यांस,
नमस्कार. चार दिवस फोन लावतो आहे. गोकुळ म्हणाला, पावसात पाड्यावर रेंज नसते आणि असली तरी तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून त्याच्याच जीपने ही चिठ्ठी देतो. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

काका, माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. गिटारवाले पायाने दाबतात ते आवाजाचे डबे मी दुरुस्त करतो. त्यांना पेडल म्हणतात. जुन्या पेडलला हल्ली फार मागणी आहे, म्हणून आम्ही भंगारातूनही उचलतो. गेल्या आठवड्यात भिवंडीच्या एका बंद पडलेल्या बँजो पार्टीचं सामान पोत्यातून आलं. त्यात हिरव्या रंगाचा एक लोखंडी डबा होता. इकोचा. तीन बटणं, त्यातलं एक तुटलेलं. खालची पत्र्याची झाकणी उघडली तर आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं होतं : सोम्या, दाभोसा.

मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. बाबांचं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं. फोटोही नाही. मी पोटात होतो तेव्हा ते नदीत गेले आणि दिवसकार्य झाल्यावर त्यांचा डबा मोखाड्याच्या बाजारात विकला, एवढंच आईने सांगितलेलं.

डब्याची हालत वाईट आहे. बॅटरी फुटून आत हिरवी पपडी धरली आहे, कंडेन्सर फुगले आहेत. पण एक गोष्ट कळत नाही. आवाज धरून ठेवणाऱ्या मोठ्या आयसीवर मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा दाबून बसवला आहे. त्यावर अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट आहे. हे तुमचं काम का? काढू की ठेवू?

दिवाळीला डबा घेऊन येणार आहे. बाबांचा बँजो त्यातून कसा वाजत असेल ते आईला एकदा ऐकवायचं आहे. मलाही ऐकायचं आहे.

आपला,
सुदर्शन


दाभोसा
९ ऑगस्ट २०२४

चि. सुदर्शन यास मंगळूकाकाचा आशीर्वाद.
तुझी चिठ्ठी गोकुळने दिली. ती जीपमध्ये भिजली होती पण वाचता आली. मी चौथीपर्यंतच शिकलो, म्हणून दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदाही वाचली.

डबा आमचाच. तुझा बाप बँजो वाजवायचा आणि मी मशीन सांभाळायचो. एकदा तार छेडली की डब्यातून ती तीनदा यायची, मोठी, लहान, अगदी लहान. लग्नात बायका घाबरून हसायच्या. सोम्याला त्याचं वेड लागलं होतं. डबा नसला तरी तोंडाने करायचा. मला हाक मारायची तर एकदा मारणार नाही. दादा, दादा, दादा, असं हळू हळू करत न्यायचा. जेवायला बसलो तरी तेच. आमची आई त्याला उलथनं फेकून मारायची.

दुरुस्ती विचारतोस तर सांगतो. पपडी लिंबाच्या रसाने काढ, मग कोरडं कर. कंडेन्सर बदल. सोल्डरचे सगळे डाग पुन्हा दे. मेण मात्र काढू नको. जीपच्या हादऱ्याने आयसी हलायची म्हणून लावलं होतं. दुसरं काही कारण नाही.

पण मी म्हणतो, दुरुस्त कशाला करतोस? लोखंड जुनं झालं, शॉक लागेल. तू एकटाच असतोस दुकानात. आईला नवीन रेडिओ आण, त्यात ती खूश होईल.

तो गेला त्या दिवशी मी पुढे होतो. पाण्याचा आवाज फार होता. मला काहीही ऐकू आलं नाही. हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलेलं आहे.

तुझी आई बरी आहे. नागलीची लावणी झाली. छपराची दोन कौलं गळतात, बाकी ठीक.

मंगळू


ठाणे
१८ ऑगस्ट २०२४, रविवार

ती. काका यांस,
नमस्कार. नऊ व्होल्टला शॉक लागत नाही, काळजी करू नका.

डबा चालू झाला! आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकांची कामं असतात, म्हणून रविवारी शटर अर्धं ओढून याच्यावर बसतो. गेल्या रविवारी, अकरा तारखेला, सगळे कंडेन्सर बदलून पहिल्यांदा बॅटरी लावली. मेण तुम्ही म्हणालात म्हणून ठेवलं.

आवाज काय गोड आहे. आजच्या मशीनना हे जमत नाही. पण एक विचित्र आहे. गिटारची वायर काढून ठेवली, डब्याला काहीच जोडलेलं नाही, तरी मधूनच स्पीकरमधून येतं. दोन ठोके जोडीने. मग तेच थोडं लहान. मग अगदी लहान. तीनदा. त्यानंतर इकोची खरखर राहायला हवी, तीही राहत नाही. एकदम पोकळ होतं. काका, हसू नका, पण फोनवर समोरचा माणूस आपण बोलायची वाट बघत गप्प राहतो ना, तशी ती शांतता वाटते.

आयसी जास्तीत जास्त अर्धा सेकंद आवाज धरून ठेवते. त्यात जुनं काही उरणं शक्य नाही. कुठून तरी रेडिओचं स्टेशन पकडत असेल. आज पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही, माझाच श्वास आहे.

तुम्ही असं कधी ऐकलं होतं का?

सुदर्शन


दाभोसा
२२ ऑगस्ट २०२४

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.
मी काही ऐकलं नव्हतं. डबा चांगला होता.

मला एक सांग, तू डबा लावतोस ते किती वाजता? अकरा तारखेला किती वाजता आणि अठराला किती वाजता? मिनिटं आठवत असतील तर तीही लिही. उगाच विचारतो आहे.

अकराला तुझी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर विडी ओढत होतो. तिने मान वर केली आणि नदीच्या बाजूला बघत राहिली. मी म्हटलं, काय गं? ती काही बोलली, पण ते महत्त्वाचं नाही. मग पुन्हा खाली बघून निवडायला लागली. मला वाटलं, वय झालं. अठराला तेच झालं. त्या वेळी ती उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेली, मोहाच्या झाडापर्यंत. पाऊस पडत होता, डोक्यावर इरलंही घेतलं नाही.

तू इथे वाढला नाहीस, आश्रमशाळेत आणि मग ठाण्यात, म्हणून तुला सांगतो. आपल्या पाड्यात रानातून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. मोजतात. एक आली, गप्प राहायचं. दुसरी आली तरी गप्प. गेलेलं माणूस दोनच हाका मारतं, तिसरी मारायला त्याच्यात दम नसतो. तिसरी आली तर ते जितं माणूस, आपलं माणूस. तिला ओ द्यायचीच. नाही दिली तर पाप लागतं.

हे तुला असंच सांगितलं. तुझ्या डब्यातून तीन येतात म्हणालास, म्हणून.

डबा बंद ठेव. मला रात्री झोप नाही आणि दिवसा जेवण नाही. गोकुळकडून पाचक गोळ्या मागवल्या आहेत.

मंगळू


ठाणे
१ सप्टेंबर २०२४, रविवार

ती. काका यांस,
तुमचं पत्र वाचून मीही जेवलो नाही.

दोन्ही रविवारी मी सव्वाअकराला बॅटरी लावली होती. आईचं तेव्हाच झालं का? तुम्ही वेळ लिहिली नाही.

मला हे पटत नाही. म्हणून मी एक केलं, रागावू नका. पंचवीसच्या रविवारी डबा मुद्दाम लावलाच नाही. त्याऐवजी बुधवारी, अठ्ठावीसला, दुपारी बरोबर चार वाजता लावला. तुम्हाला आधी कळवलं नव्हतं. त्या दिवशी आईने काय केलं ते तुम्ही मला लिहा. काहीच केलं नसेल तर आपण दोघं हसू आणि विषय संपला.

पण काका, बुधवारी ते ठोके नव्हते. नीट केलेल्या डब्यातून आवाज साफ येतो. तो शब्द आहे. दोन अक्षरांचा, दोन्ही अक्षरं सारखी.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं बाबा तुम्हाला कशी हाक मारायचे ते. मी ते पत्र पुन्हा काढून वाचलं.

आई त्या वेळी काय बोलली? महत्त्वाचं नाही असं लिहू नका.

सुदर्शन


दाभोसा
५ सप्टेंबर २०२४

चि. सुदर्शन,
डबा लावू नको. बॅटरी काढ. आधी हे कर आणि मग पुढचं वाच.

काल मी जीपने जव्हारच्या रस्त्याला रेंज लागते तिथवर जाऊन तुला फोन केला. बाई म्हणाली, फोन बंद आहे. माझ्या मागे तीन माणसं बसली होती. जे सांगायचं ते त्यांच्यादेखत सांगता आलंही नसतं.

बुधवारी चार वाजता तुझी आई गोठ्यातून निघाली. मी हाक मारली तर थांबली नाही. नदी पायी ओलांडायची त्या उतारापर्यंत गेली. तिथे आता ओलांडायला सिमेंटची फरशी घातली आहे, पण फरशीवरून पाणी जात होतं. ती घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. शेजारची मालू शेतात होती, तिने पळत जाऊन धरलं, नाहीतर खाली धबधबाच आहे. मालूने मला शिव्या दिल्या, म्हातारीला सोडतोस कशी म्हणून. दोन्ही रविवारी तिने मान वर केली तेही सव्वाअकरालाच. एस.टी. तेव्हा जाते.

ती काय बोलली ते आता लिहितो. तिन्ही वेळा एकच बोलली. "भावजी, ते तुमाला बोलवतात. ओ द्या ना." मी ओ देत नव्हतो. शेवटी बुधवारी म्हणाली, "तुमी नाय देत तर मी जाऊन सांगते, भावजी येत नाय म्हणून."

मला काहीच ऐकू येत नाही. एवढं मात्र खरं.

सुदर्शन, मी पस्तीस वर्षं खोटं बोललो. जव्हारला गणपती बुडवून आम्ही सकाळी परत येत होतो. नदी भरली होती पण उतरण्यासारखी होती. डबा प्लास्टिकमध्ये बांधून माझ्या डोक्यावर, बँजो घेऊन सोम्या मागे. मध्यावर गेलो तेव्हा मागून हाक आली. दादा. मग थोडी लहान, दादा. मग अगदी लहान, दादा. मला वाटलं, नेहमीसारखा डब्याची नक्कल करतो. मी हसलो. पुरे रे, म्हटलं, आणि वळलो नाही. डोक्यावर डबा होता, वळलो असतो तर तो भिजला असता. पलीकडे चढून मागे बघितलं तर पाणीच होतं.

तीन हाका होत्या. मी मोजल्या होत्या. तिसरीला ओ द्यायची असते हे पोराटोरांना ठाऊक आहे. मी दिली नाही.

तो सापडला नाही. गवताचा सोम्या करून जाळला. दिवसकार्याला भगताने थाळीवर मेणाने काडी उभी केली आणि तिच्यावरून बोटं ओढत कथा लावली. तो आवाज गुंजतो ना, त्याच्यावर बसून गेलेलं माणूस आपल्या वाटेला लागतं. मध्येच भगत थांबतो आणि विचारतो, याचा शेवटचा शब्द कोणी ऐकला? ज्याने ऐकला त्याने तो बोलायचा, मग तो शब्दही त्याच्याबरोबर जातो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, पाण्याचा आवाज फार होता.

कथा संपल्यावर भगताने थाळीवरचं मेण माझ्या हातात दिलं, नदीत सोड म्हणाला. मी नदीपर्यंत गेलोच नाही. भीती वाटली. मेण खिशात राहिलं. डबा विकायचा म्हणून साफ करत होतो, आयसी हलत होती, हात खिशात गेला आणि मी ते तिथे दाबलं. मिस्तरी माणसाचा हात, मेण फुकट घालवत नाही. नंतर कळलं काय केलं ते. तोवर डबा गेला होता.

तो शब्द डब्यात बसला आहे. डबा गोकुळबरोबर पाठव. बॅटरी लावून नको.

तू मला काय म्हणशील याची भीती वाटते. पण नदीची त्याहून जास्त वाटते.

मंगळू


ठाणे
८ सप्टेंबर २०२४

काका,
डबा गोकुळबरोबर पाठवतो आहे. गोधडीत गुंडाळून, दोरीने बांधून. मेण तसंच आहे.

तुम्ही मला काय सांगितलं आणि पस्तीस वर्षं काय सांगितलं नाही, याच्यावर मला आज लिहिता येत नाही. माझी माफी मागू नका. मी तेव्हा नव्हतो. आई होती. तिला सांगा. डबा हातात घेण्याआधी तिला सांगा.

मी स्वतः येणार होतो, पण मला तुमच्या तोंडाकडे बघवणार नाही, आत्ता तरी. मालूला म्हणावं आईला एकटी सोडू नको.

एक सांगायचं आहे. तुमचं पत्र मिळाल्याबरोबर, शुक्रवारी, मी बॅटरी काढली. स्पीकरची वायरही काढली. आज सव्वाअकराला डबा टेबलावर नुसता पडला होता. मी त्याला कान लावला. इतक्या जवळून कान लावायला नको होता. हाकेच्या आधी माणूस श्वास घेतो, तो ऐकू आला.

मी ओ देणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण हाक मला नव्हती.

सुदर्शन


दाभोसा
१५ सप्टेंबर २०२४

चि. सुदर्शन यास मंगळूकाकाचा आशीर्वाद.
डबा सोमवारी आला. दोन दिवस तो कणगीच्या मागे ठेवला आणि मी अंगणात झोपलो. पावसात झोपलो म्हणून खोकला झाला आहे. मालू काढा देते, कडू आहे.

बुधवारी तुझ्या आईला सांगितलं. ती चुलीपुढे भाकर थापत होती. मी दारातच बसलो आणि सगळं एका दमात बोललो. तिने भाकर उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "भावजी, मी त्या दिवशी काठावर नुकतीच पोचली होती. तुमाला घ्यायला आली होती. तुमी पाण्यातून हसत वर आला. डोक्यावर डबा, आणि हसत होता."

मी उंबऱ्यावरचं पीठ बोटाने पुसत राहिलो.

ती म्हणाली, "कशाला हसत होता ते मी कधी विचारलं नाय. मला वाटलं, एक दिवस सांगतील."

मग तिने मला भाकर वाढली. मी जेवलो. काय करणार, तिने वाढली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं नदीवर गेलो. मालू लांब उभी होती. पाणी उतरलं होतं, फरशी उघडी होती. मी डबा उघडला. मेण सुटेना. तळहाताची ऊब देत बसलो. त्याच्यावर माझाच अंगठा होता, पण मी अंगठा ठेवला तर ठसा मोठा झाला होता. अंगठाही आटतो म्हातारपणी. मग मेण निघालं, अख्खं निघालं.

पाण्यात सोडलं तर गेलं नाही. दगडापाशी गोल गोल फिरत राहिलं. धार खाली जोरात जात होती आणि ते एका जागी फिरत होतं. तुझी आई म्हणाली, "द्या आता."

पहिल्यांदा नुसता खोकला आला. मग मी मोठ्याने म्हटलं, "ओ! ओ रे सोम्या!"

मेण त्याच क्षणी सुटलं आणि धबधब्याकडे गेलं. समोरच्या कड्यावरून माझी ओ परत आली. तिथे येतेच, पोरं तिथे ओरडतात. एक, दोन, तीन, लहान लहान होत गेली. तुझी आई बोटांवर मोजत होती. ती चौथ्या बोटावर थांबली आणि डोक्यावर पदर घेतला. मी तिला विचारलं नाही. आता माझी पाळी, न विचारण्याची.

घरी येऊन डबा माझ्या जुन्या रेडिओच्या स्पीकरला जोडला. तुझी दुरुस्ती चांगली आहे, डाग स्वच्छ आहेत, माझ्यापेक्षा बरे. आतून काही हाक आली नाही. बोटाने टिचकी मारली. दोनदा परत आली. तिसरी नाही. सगळे कंट्रोल फिरवले, डाग तपासले. सगळं जागेवर आहे, तरी तिसरी येत नाही. तू म्हणशील डबा बिघडला. त्याला आता हात लावू नको. गोकुळबरोबर परत पाठवतो आहे, बापाचं अक्षर आहे त्यात, तुझ्याकडे असू दे.

त्या दिवसापासून तुझी आई नदीकडे बघत नाही. तिन्हीसांजेला पाटावर एक जास्तीचं ताट मांडायची, ते तिने धुऊन शिंक्यावर ठेवलं.

आता एकच सांगायचं राहिलं. मी ठरवलं होतं की यापुढे कोणी हाक मारली तर मोजत बसायचं नाही, पहिल्यालाच ओ द्यायची. काल दुपारी मी मागच्या दारी लाकडं फोडत होतो. अंगणातून तुझ्या आईने हाक मारली, भावजी म्हणून. एकदाच. मी लगेच ओ दिली आणि पुढे आलो. ती ओट्यावर बसली होती, तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

म्हणाली, "मी नाय मारली."

मग आम्ही दोघं तिथेच बसलो, दुसरी येते का ते ऐकत. अंधार पडेपर्यंत आली नाही.

तू माझ्या तोंडाकडे बघू नको हवं तर, पण दिवाळीला आईकडे ये. येशील तेव्हा गुपचूप अंगणात शिरू नको. मोहापाशी थांब आणि हाक मार. तीनदा मार.

मंगळू